जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ लोडवर स्लिप मारत असेल तर

पीटीओ म्हणजे अवजार फिरवण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागून शक्ती देणारी यंत्रणा. ती घसरू लागली की रोटाव्हेटर जमिनीत उतरताच इंजिनाचा आवाज तसाच राहतो, पण पात्यांचा वेग पडतो, आणि थोड्या वेळाने क्लचच्या बाजूने जळका वास येऊ लागतो. अशी तक्रार घेऊन जुना ट्रॅक्टर गॅरेजमध्ये गेला की बहुतेक वेळा ‘ट्रॅक्टर फोडून क्लच प्लेट बदलावी लागेल’ असे उत्तर मिळते. हे उत्तर पुष्कळदा खरेही ठरते. परंतु ते तपासणीनंतरचे नसून तपासणीऐवजी दिलेले असते. ट्रॅक्टर मधून फोडणे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे करणे, हे हंगामाच्या दिवसांत परवडणारे काम नाही, आणि दोष पीटीओ शाफ्टच्या स्लिप क्लचमध्ये (जादा भार आला की मुद्दाम घसरणाऱ्या भागात) किंवा मळणी यंत्राच्या पट्ट्यात असेल, तर फोडूनही काही हाती लागत नाही. म्हणून या लेखात बराचसा भर दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्यावर दिला आहे. वर्णन ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या, दोन टप्प्यांचा क्लच पेडल असलेल्या जुन्या ट्रॅक्टरना, म्हणजे जुन्या मॅसी फर्ग्युसनच्या धर्तीच्या रचनेला, धरून केले आहे. मात्र तपासणीची पद्धत इतर ट्रॅक्टरनाही लागू पडते.

आपला पीटीओ कोणत्या प्रकारचा आहे

जुन्या ट्रॅक्टरवर साधारणपणे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात एकच क्लच प्लेट असते आणि चाकांकडे जाणारी व पीटीओकडे जाणारी शक्ती तिच्यातूनच जाते. पेडल दाबला की दोन्ही थांबतात. असा पीटीओ गिअर बदलताना थांबतो तो दोष नव्हे, ती त्याची रचनाच आहे. दुसऱ्या प्रकारात, ज्याला आपल्याकडे डबल क्लच किंवा ड्युअल क्लच म्हणतात, एकाच जुडग्यात दोन प्लेट असतात. पेडल अर्धा दाबला की ट्रॅक्टर थांबतो पण पीटीओ फिरत राहतो, आणि पूर्ण दाबला की पीटीओही थांबतो. काही ट्रॅक्टरवर पीटीओच्या प्लेटसाठी पेडलऐवजी वेगळा हाताचा लिव्हर असतो. हायड्रॉलिक दाबावर चालणारा स्वतंत्र पीटीओ क्लच मोठ्या ट्रॅक्टरवर असतो. तिथे आधी तेलाची पातळी, फिल्टर आणि मग गेज लावून दाब पाहावा लागतो, आणि दाब कमी निघाला तर पुढचे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे.

हा फरक आधी समजून घेण्याचे कारण असे की, एकाच प्लेटच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच स्लिप होत असेल तर नांगरताना किंवा भरलेली ट्रॉली चढावर ओढतानाही ते जाणवलेच पाहिजे. ट्रॉली व्यवस्थित ओढली जाते आणि फक्त पीटीओचे काम होत नाही, असे असेल तर प्लेटवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. ड्युअल क्लचमध्ये मात्र चाकांची प्लेट धडधाकट आणि पीटीओची प्लेट संपलेली, असे सहज घडू शकते.

जुन्या मॅसीच्या धर्तीच्या ट्रॅक्टरवर पीटीओच्या लिव्हरला इंजिन, न्यूट्रल आणि जमिनीचा वेग अशा तीन जागा असतात. ट्रॅक्टर चालतो तेव्हाच शाफ्ट फिरतो आणि ट्रॅक्टर थांबला की तोही थांबतो, अशी तक्रार असेल तर लिव्हर चुकीच्या जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ. जुना ट्रॅक्टर नव्याने विकत घेतलेल्यांना हे अनेकदा कोणी सांगितलेले नसते.

फेरे कुठे हरवतात, ते मोजणे

सगळ्या तपासणीचा पाया एकच आहे: दातांवर चालणारा भाग घसरत नाही. गिअर, स्प्लाइन (शाफ्टवरचे लांबट दात) किंवा कपलिंग यांचे दात एकमेकांत असतील तर फेरे पूर्ण पोहोचतात, आणि दात झिजले असतील तर ते आवाज करत उडी मारतात किंवा पूर्णच सुटतात. लोडवर हळूहळू, गुपचूप वेग कमी होणे हे केवळ घर्षणावर चालणाऱ्या भागांतच घडते, आणि असे भाग मोजकेच आहेत: ट्रॅक्टरमधील क्लच प्लेट, पीटीओ शाफ्टवरील घर्षणाचा स्लिप क्लच आणि अवजारावरील पट्टे. याखेरीज चौथी शक्यता अशी की काहीच घसरत नसून इंजिनच दम सोडत आहे.

इंजिनाची शक्यता आधी निकालात काढावी. लोड आल्यावर इंजिनाचे फेरे पडत असतील आणि धुराड्यातून काळा धूर येत असेल, तर अवजार इंजिनाला जड जात आहे, किंवा एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, इंजेक्टर यांपैकी कशात तरी खोट आहे. क्लचला हात लावू नये. याउलट लोड आल्यावर इंजिन जणू काही झालेच नाही असे फिरत राहते, धूर विशेष बदलत नाही आणि अवजार मात्र मंदावते, तेव्हा मधे कुठेतरी घसरण आहे हे नक्की.

यापुढे टॅकोमीटर हाताशी असावा. प्रकाशाच्या किरणाने फेरे मोजणारा साधा डिजिटल टॅकोमीटर अवजारांच्या दुकानात मिळतो आणि क्लच प्लेटच्या तुलनेत तो फार स्वस्त आहे. जुन्या ट्रॅक्टरवरचे मीटर केबल तुटल्यामुळे बहुधा बंदच असते, आणि चालू असले तरी त्यावर विसंबू नये. इंजिन बंद असताना क्रँकच्या पुलीवर आणि पीटीओ शाफ्टच्या ट्रॅक्टरकडील योकवर (ट्रॅक्टरच्या स्प्लाइनवर बसणाऱ्या जोडावर) चकाकणाऱ्या पट्टीचा छोटा तुकडा चिकटवावा. मग अवजाराला काही काम न देता दोन्ही ठिकाणचे फेरे मोजावेत आणि इंजिनाच्या फेऱ्यांना पीटीओच्या फेऱ्यांनी भागावे. समजा इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर असताना पीटीओ ५४० दाखवतो, गुणोत्तर ३.३३ आले. हे गुणोत्तर गिअरच्या दातांनी ठरलेले असल्यामुळे लोडवरही बदलता कामा नये. लोड दिल्यावर इंजिन १६५० वर आले तर पीटीओ ४९५ वर असला पाहिजे. तिथे ४४५ दिसले तर ५० फेरे, म्हणजे सुमारे दहा टक्के, ट्रॅक्टरच्या आतच हरवत आहेत. आकडा ४९५ च्या आसपास आला आणि तरीही मळणीचा ड्रम मंद असेल, तर ट्रॅक्टर निर्दोष आहे.

ही मोजणी एका जागी उभ्या राहून चालणाऱ्या अवजारावरच करावी. मळणी यंत्र किंवा कडबा कुट्टी त्यासाठी सोयीची. चालत्या रोटाव्हेटरजवळ टॅकोमीटर घेऊन कोणीही जाऊ नये. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ वेळा फिरणारा शाफ्ट आहे. धोतराचा सोगा, पदर, ओढणी किंवा गळ्यातले उपरणे त्यात सापडले तर इंजिन बंद करण्याइतका अवधीसुद्धा मिळत नाही. शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर आणि ट्रॅक्टरच्या मागचे पत्र्याचे संरक्षण जागेवर असावे, मोजणाऱ्याने बाजूला हातभर नव्हे तर चांगले मीटरभर अंतर ठेवून उभे राहावे, आणि दुसरा माणूस पूर्ण वेळ ट्रॅक्टरच्या सीटवर असावा.

अवजाराच्या बाजूची घसरण

पीटीओ शाफ्टवर घर्षणाच्या चकत्यांचा स्लिप क्लच असेल तर त्याची परीक्षा खडूने होते. इंजिन बंद करून, चावी काढून, त्याच्या सर्व चकत्यांवरून आडवी एक सरळ रेघ मारावी. मग अवजार मिनिटभर लोडवर चालवावे आणि पुन्हा सर्व बंद करून रेघ पाहावी. रेघ तुटून तिचे तुकडे इकडेतिकडे सरकलेले दिसले तर दोषी सापडला. त्याच्या स्प्रिंगांचे नट एकसारखे, थोडेथोडे आवळावेत, पण स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकेपर्यंत कधीही आवळू नयेत. तसे केले की स्लिप क्लचचे काम संपते, आणि दगड लागल्यावर बसणारा झटका थेट ट्रॅक्टरच्या गिअरपर्यंत पोहोचतो. पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या अवजारात मात्र याच्या उलट दोष आढळतो: चकत्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि क्लच घसरतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला त्या सैल करून, पुसून, पुन्हा बसवाव्यात.

शिअर बोल्ट असलेल्या शाफ्टला हा प्रश्न येत नाही. तिथे बोल्ट तुटतो आणि अवजार थांबते. तुटलेल्या बोल्टच्या जागी हाताला लागेल तो कडक बोल्ट ठोकून देण्याची सवय मात्र महागात पडते.

मळणी यंत्राच्या व्ही पट्ट्यांवर तीच खडूची युक्ती तितकी उपयोगी नाही, कारण पट्टा थोडा सरकतोच. तिथे दोन्ही पुलींचे फेरे मोजून त्यांच्या व्यासांच्या प्रमाणाशी ताडून पाहावेत. पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, किंवा पट्टा खाचेच्या तळाला टेकत असेल, तर ताण वाढवून उपयोग नाही. पट्टे बदलावेत, आणि संच असेल तर संपूर्ण संच बदलावा.

लिव्हर, कपलिंग आणि स्प्लाइन

शाफ्ट मंदावत नाही, तर मधेच ‘कट’ असा आवाज होऊन पूर्ण थांबतो आणि लिव्हर पुन्हा टाकला की चालू होतो, ही तक्रार वेगळी आहे. तिला लोक सरसकट स्लिप म्हणतात म्हणून तिचा उल्लेख येथे केला. यात सरकणाऱ्या कपलिंगचे दात कडेला गोल झालेले असतात, लिव्हरला जागेवर धरणारी स्प्रिंग व गोळी झिजलेली असते, किंवा लिव्हरचा दांडा वाकल्यामुळे दात पूर्ण आत जातच नाहीत. लिव्हर सुटण्याच्या बेतात असताना तो हाताने धरून काम उरकण्याचा मोह होतो. त्याने उरलेले दातही जातात. इंजिन बंद असताना लिव्हर टाकून, तो शेवटपर्यंत जातो का आणि अडथळा कव्हरला आहे की आतील फोर्कला, हे आधी पाहावे. जुन्या ट्रॅक्टरवर नंतर बसवलेली जाड रबरी चटई किंवा टूलबॉक्ससुद्धा लिव्हरला अडवताना दिसतो.

मागे बाहेर आलेल्या शाफ्टचे स्प्लाइन सहा असतात आणि त्याचा व्यास ३५ मि.मी., म्हणजे सुमारे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच भरतो. योक हातात धरून पुढेमागे फिरवल्यास ठळक खेळ जाणवला, किंवा स्प्लाइनच्या कडा चाकूच्या धारेसारख्या झालेल्या दिसल्या, तर आधी योक बदलावा. तो स्वस्त भाग आहे. ट्रॅक्टरचा शाफ्ट झिजलेला असेल आणि लेथवाला वेल्डिंग भरून नवे स्प्लाइन पाडून देतो म्हणाला, तर नकार द्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्टचा कणखरपणा जातो आणि तो नंतर पीळ बसून तुटतो.

क्लचची बाहेरून होणारी तपासणी

मोजणीतून घसरण ट्रॅक्टरच्या आत आहे असे ठरले, तरी लगेच पाने-पक्कड काढू नयेत. पेडलची मोकळी चाल, म्हणजे हाताने दाबल्यावर जोर लागण्याआधीचे अंतर, पट्टीने मोजावे. बहुतेक ट्रॅक्टरना ते २० ते ३० मि.मी. लागते, आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतून घ्यावा. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होते, आणि ती शून्यावर आली की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) फिंगरवर, म्हणजे क्लचच्या बोटांवर, सतत टेकून राहते आणि क्लच पूर्ण धरत नाही. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा: दोन टप्प्यांच्या पेडलमध्ये पहिल्या टप्प्यात चाकांची प्लेट सुटते. त्यामुळे केवळ मोकळी चाल संपल्याने घसरण होत असेल, तर ती आधी चाकांकडे दिसायला हवी. चाकांची ओढ उत्तम आणि फक्त पीटीओ घसरतो, अशा वेळी पेडलची चाल कितीही जुळवली तरी फरक पडत नाही. पीटीओसाठी हाताचा लिव्हर असेल तर मात्र त्याच्या दांड्याची मोकळी चाल स्वतंत्रपणे पाहावी, कारण ती संपली असेल तर नेमके हेच लक्षण दिसते.

चाकांच्या प्लेटची परीक्षा सपाट मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना करावी. दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट दाबावेत, वरचा गिअर टाकावा, इंजिन मध्यम वेगावर ठेवावे आणि पेडल हळू सोडावा. इंजिन दबून बंद पडले तर प्लेट धरते आहे. इंजिन चालूच राहिले तर लगेच पेडल दाबावा, कारण काही सेकंदांची घसरणसुद्धा प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी चकती) तापवून वाकवू शकते.

जुन्या मॅसीच्या रचनेत हायड्रॉलिक पंपही पीटीओच्याच प्लेटवर चालतो. म्हणून लिफ्टही जड अवजार उचलताना अडखळत असेल तर पीटीओच्या प्लेटवरचा संशय बळावतो. लिफ्ट ठीक आहे एवढ्यावरून मात्र प्लेट निर्दोष ठरत नाही, कारण पंपाला लागणारी शक्ती रोटाव्हेटरच्या तुलनेत किरकोळ आहे.

पुढे क्लच हाउसिंगखाली वाकून पाहावे. तेथे तेल गळून जाण्यासाठी छोटे छिद्र असते. त्यातून काळे, पातळ तेल टपकत असेल तर क्रँकचे मागचे सील गेले आहे. दाट, पिवळसर किंवा तपकिरी तेल असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे. कोकणात भाताच्या चिखलणीसाठी हे छिद्र प्लगने बंद करतात, आणि तो प्लग नंतर काढायचा राहून जातो. मग आत साचलेले तेल बाहेर दिसत नाही आणि प्लेट त्यात भिजत राहते. तपासणीआधी प्लग काढून काय निघते ते पाहावे.

शेवटी हाउसिंगचे तपासणी झाकण. बहुतेक ड्युअल क्लचमध्ये या झाकणातून पीटीओच्या प्लेटचे समायोजन करणारे बोल्ट दिसतात. या बोल्टचे डोके आणि पीटीओची प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ठरावीक फट लागते. कित्येक मॉडेलमध्ये ती २ मि.मी.च्या आसपास असते. फटच उरली नसेल तर पेडल न दाबताही पीटीओची प्लेट अर्धवट सुटलेली राहते. फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचे जड चाक) हाताने फिरवत तिन्ही बोल्ट एकेक करून झाकणासमोर आणावेत, फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तिन्ही फटी पुस्तिकेप्रमाणे एकसारख्या कराव्यात आणि लॉक नट आवळावेत. आधीच्या कारागिराने पेडल हलका व्हावा म्हणून किंवा पीटीओ लवकर सुटावा म्हणून ही फट संपवून टाकलेली असेल, तर एवढ्यावरच दुरुस्ती होऊन जाते, आणि ही शक्यता दुर्मीळ नाही. फट बरोबर असून घसरण कायम असेल, तर आता ट्रॅक्टर फोडण्याला पर्याय नाही.

ट्रॅक्टर फोडताना

जागा सिमेंटची आणि सपाट असावी. बॅटरीची तार सर्वांत आधी काढावी. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर दोन्ही बाजूंना डुलतो; म्हणून अ‍ॅक्सल आणि इंजिन यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्यात. ही पाचर विसरली तर वेगळा झालेला पुढचा भाग कलंडतो, आणि तो माणसाच्या हाताने थोपत नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून अडसर लावावा, गिअरबॉक्सखाली भक्कम स्टँड द्यावा आणि इंजिनाखाली चाके असलेला जॅक किंवा वरून चेन ब्लॉक घ्यावा. विटा किंवा दगड आधाराला वापरू नयेत. वजनाखाली ते अचानक फुटतात.

बॉनेट, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, थ्रॉटलचा दांडा, मीटरची केबल आणि स्टिअरिंगचे दांडे सोडवताना मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी लांब गाइड स्टड बसवले की दोन्ही भाग सरळ रेषेत सरकतात. ओढताना कुठे अडकले तर पहारीने जोर लावण्यापूर्वी काही सोडायचे राहिले का ते शोधावे.

क्लचचे जुडगे फ्लायव्हीलवरून उतरवताना आतील स्प्रिंग ताणात असतात. निर्मात्याने दिलेल्या तीन भोकांत लांब बोल्ट घालून जुडगे दाबून धरावे, मगच कडेचे बोल्ट फिरत्या क्रमाने सैल करावेत. प्लेटच्या जुन्या अस्तरात, म्हणजे घर्षणाच्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. आतील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

आत काय पाहावे

अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचे डोके जेमतेम अर्धा मि.मी. खोल उरले असेल तर प्लेट संपली. जाडी भरपूर आहे पण अस्तर तेलाने काळे झाले आहे, अशी प्लेटही टाकूनच द्यावी. ती पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा बसवणारे आहेत, आणि चाचणीच्या वेळी ती चांगली धरतेही. पण अस्तरात मुरलेले तेल तापल्यावर बाहेर येते आणि हंगामाच्या ऐन मध्यावर तीच तक्रार परत येते. जुन्या प्लेटवर नवे अस्तर ठोकून घेणे स्वस्त पडते. हबचे स्प्लाइन आणि धक्का झेलणाऱ्या स्प्रिंग शाबूत असतील तर ते चालते, पण एवढी मजुरी घालून ट्रॅक्टर उघडल्यावर दोन्ही प्लेट नव्या घालणेच मला योग्य वाटते.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग, बारीक भेगा किंवा खोल ओरखडे असतील तर लेथवर तोंड मारावे, म्हणजे पृष्ठभाग कातून सपाट करावा लागेल. भेगा खोल असतील तर भागच बदलावा. फ्लायव्हीलला पायरी असेल तर दोन्ही पृष्ठभाग सारखेच उतरवावे लागतात, नाहीतर पायरीची खोली बदलून क्लचचा दाब बिघडतो. हे लेथवाल्याला तोंडी न सांगता कागदावर मापासह लिहून द्यावे. स्प्रिंग एका ओळीत उभ्या करून त्यांची उंची ताडावी. एखादी ठेंगणी किंवा निळी पडलेली दिसली तर पूर्ण संच बदलावा, कारण कमजोर स्प्रिंगवर नवी प्लेटही घसरते.

क्रँकचे मागचे सील, इनपुट शाफ्टची सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग, हे सगळे आता बदलून घ्यावेत. ड्युअल क्लचमध्ये एका पोकळ शाफ्टातून दुसरा शाफ्ट जातो आणि त्या दोहोंमधील सील सहसा नजरेतून सुटते. बाहेरचे सील नवे असूनही तेल त्या वाटेने प्लेटपर्यंत येते.

जोडणी आणि पहिले काही तास

प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे होती याची खूण काढतानाच करून ठेवलेली असावी. उलटी बसलेली प्लेट हबला अडते आणि सर्व काम पुन्हा करावे लागते. दोन्ही प्लेट मध्यावर आणण्यासाठी डमी शाफ्ट किंवा त्याच मॉडेलचा जुना इनपुट शाफ्ट वापरावा. अंदाजाने बसवल्यास दोन भाग जुळताना शाफ्ट आत शिरत नाही. स्प्लाइनवर ग्रीसचा केवळ पातळ हात फिरवावा. जास्तीचे ग्रीस फिरताना उडून अस्तरावर बसते. फिंगरची उंची गेजने मोजून तिन्ही एकसारख्या कराव्यात, आणि पीटीओच्या बोल्टांची फट ट्रॅक्टर जोडण्यापूर्वीच, हात मोकळा असताना, लावून घ्यावी. दोन भाग जवळ येताना शेवटचे काही मिलिमीटर बोल्ट आवळून ओढू नयेत. शाफ्ट जुळला नसेल तर इंजिन किंचित फिरवावे, म्हणजे ते आपोआप बसतात.

जोडणीनंतर पेडलची मोकळी चाल लावून, आधी केलेली टॅकोमीटरची मोजणी त्याच अवजारावर पुन्हा करावी. लोडवर आणि लोडशिवाय गुणोत्तर एकच आले पाहिजे. पहिल्या दिवशी हलके काम द्यावे, पीटीओ इंजिन मंद ठेवूनच टाकावा, आणि रोटाव्हेटर जमिनीत रुतलेला असताना तो कधीही चालू करू नये. जेमतेम ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सहा फुटी रोटाव्हेटर जोडून काळ्या ओल्या रानात चालवले, तर नवी प्लेटही फार हंगाम काढणार नाही. अशा ट्रॅक्टरला पाच फुटी किंवा त्याहून लहान अवजार पुरे. नवे अस्तर सुरुवातीला लवकर बसते. म्हणून आठ-दहा तासांच्या कामानंतर पेडलची चाल आणि झाकणातून दिसणारी फट पुन्हा एकदा मोजावी, आणि हाउसिंगखालच्या छिद्राला बोट लावून ते कोरडे आहे ना, हेही पाहावे.